सातवा मग

पहिल्या मगाला तीन कान होते.
अण्णा म्हणाले, "एवढे कान कुणाला गं, हत्तीला?"

दुसरा कुपवाडला, रात्रपाळी सुटल्यावर
मिस्त्रींची नजर चुकवून लेथवर कातला.
तळात शिसं. आडवा केला तरी उठणारा.
उठला. चहा नाही उठला.

मग तिसऱ्या-चौथ्यात काय काय भरलं मी :
हात थरथरला की उलटी थरथरणारी मोटर,
चहा निवला की निळा पडणारा काठ,
बुडाशी घोट मोजणारा काटा,
मोबाइलवर मला कळवणारा
की मार्केट यार्डातले जुने तोलाईदार
पायगोंडा अण्णा
आज किती प्याले.

सातवा त्यांनी दोन्ही हातांत धरला.
थरथर मनगटापाशीच थांबली.
चहा गप्प,
हळदीच्या सौद्यात बोली अडते तसा.

मी जिंकले म्हणणार, तेवढ्यात
डोळे मिटून त्यांनी मग जरासा वरखाली केला,
पोतं जोखतात तसा.
"चहा एकशेचाळीस. तुझा काटा काय म्हणतो?"
एकशे एक्कावन्न.
"अकरा ग्रॅम खोटं बोलतोय गं.
यार्डात असता तर शिव्या खाल्ल्या असत्या."

वाटीत ओतून किराणावाल्या शफीकभाईंकडे नेला.
एकशेचाळीस.

परत आले तर अण्णा
उरलेला चहा बशीत ओतून पीत होते,
निम्मा सदऱ्यावर.

आठव्यात मोटर आहे, निळा काठ आहे.
काटा नाही.
पाळीवरून फोन करते : आज किती?
ते ग्रॅममध्ये सांगतात.
सदऱ्यावरचा वजा करून.