साडेसहा सेंटिमीटर

रबाळेच्या एमआयडीसीत, जिथे पूर्वी बिस्किटांचे डबे बनायचे,
त्या शेडमध्ये आमची रेंज.
अजूनही गरम झालेल्या पत्र्याला कधीकधी
व्हॅनिलाचा वास येतो, किंवा मला वाटतो तसा.

पावशे सरांनी टॉवेल अंथरला
आणि सोनार मांडतो तसे तीन डाग मांडले.
"महिन्यावर मॅच. तीन हत्यारं, पंचवीस मीटरच्या आत सगळं.
रायफलीवर काय बसवायचं ते आज ठरवा, वहिनी."

पहिली, लोखंडी. मागे खाच, पुढे माशी.
"माशी शिंकू नये एवढंच बघायचं," सर म्हणाले
आणि स्वतःच हसले.
पण मला चाळिशी लागलीय.
माशी दिसली की पाटी विरघळते,
पाटी दिसली की माशी उडून जाते.

दुसरी, दुर्बीण.
सात मीटरवरच्या पाटीचा गंजसुद्धा मोजता आला.
शेजारची पाटी मात्र जगातून गेली.
हे मला नवं नाही. वाशीच्या रक्तपेढीत दिवसभर
मी भिंगाखाली पेशी मोजते
आणि पाठीमागे कोण येऊन उभं राहिलंय ते कळत नाही.

तिसरी, लाल ठिपक्याची.
"दोन्ही डोळे उघडे ठेवा, ठिपका टेकवा, सोडा."
उन्मेष भोपीला ठिपका दिसतो. तेवीस वर्षांचा आहे तो.
माझ्या उजव्या डोळ्याला सिलिंडरचा नंबर,
मला दिसला फुटलेला डाळिंबाचा दाणा,
रस एका बाजूला ओघळलेला.

तरी मी त्याच्यावरच बारा गोळ्या झाडल्या.
लांबच्या पाट्या टणटण पडल्या.
सात मीटरवरची, सगळ्यात सोपी, तशीच उभी.
गोळ्या तिच्या खालच्या लाकडात, एकीशेजारी एक, नीट रांगेत.

सरांनी खिशातून पट्टी काढली, मुलाची असावी, तिच्यावर पाढे होते.
नळीच्या मध्यापासून काचेच्या मध्यापर्यंत
साडेसहा सेंटिमीटर.
"नजर वरून जाते, गोळी खालून.
पंचवीसवर दोघी भेटतात.
जवळ आलं की भेटत नाहीत.
जितकं जवळ, तितकं वर धरायचं."

बंदुकीवरून माणसांचा विचार करायचा नाही,
हा रेंजचा नियम आहे, दारावर लिहिलेला नसला तरी.
पण मला घणसोलीचं जेवणाचं टेबल आठवलं,
सव्वा मीटरवर बसणारा अथांग,
आणि मी म्हणते ते दर वेळी
म्हणायचं असतं त्याच्या जरा खाली लागतं.

शाळेत, चष्मा लागायच्या आधी,
मी मुठीची नळी करून फळा वाचायचे.
बारीक भोकातून अक्षरं एकदम उभी राहायची.
"सर, ठिपक्याच्या मागे भोक लावता येईल?"
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ड्रॉवर उघडला.
स्क्रू, वॉशर, एक तुटकी माळ,
आणि तळाशी काळं पडलेलं लोखंडी कडं.
ते मागे बसवलं, ठिपक्याचा उजेड दोनवर आणला,
आणि डाळिंबाचा दाणा
आवळून, आवळून,
जवळजवळ ठिपका झाला.

जवळजवळ. पुरतं तेवढं.
सव्वीस हजारांचा ठिपका हप्त्यावर,
कडं फुकट.

मॅचमध्ये चौदा जणांत अकरावी आले.
शॉटगनने घात केला, तो वेगळा विषय.
सात मीटरवरची पाटी पडली. दोनदा.

रात्री अथांगने विचारलं, "किती लागले?"
त्याचा फोन हातातच होता.
मी बोलायला तोंड उघडलं, थांबले,
जरा वर धरलं.
"तू येशील का पुढच्या वेळी?"
"बघू," म्हणाला. भाताकडे बघत.

मग झोपताना आठवलं,
बटण बंद करायचं राहिलं.
तिकडे रबाळेत, कुलपातल्या कपाटात,
ठिपका जळत असणार,
समोर काही नसताना,
दोनवर.