कोरा दगड

खानापुरात, नंदगड रोडला,
मष्णूमामाच्या कारखान्यात बाकडं नाही.
दगड आहे.
साडेसहा फूट लांब, अडीच रुंद, जाडी चार बोटं.
इलकलकडचा, वाळक्या मिरचीच्या रंगाचा,
एका अंगाला आरसा,
दुसऱ्या अंगाला खाणीतल्या पहारीचे व्रण.

आणताना सहा माणसं लागली, एक टेम्पो,
आणि भरमाच्या डाव्या पायाची करंगळी.
"उचला की, बघालासा काय नुसतं!"
पावणेतीनशे किलोला कुणाचं ऐकू येत नाही.

हा मुळात वाचनालयाच्या भिंतीत बसायचा होता.
पैसे भरलेले, पॉलिश झालेलं,
फक्त वर कुठली अक्षरं आणि खाली कुठली,
एवढंच ठरायचं राहिलं.
बैठका झाल्या. चहा झाला. एक खुर्ची मोडली
(ती मामानंच जोडून दिली, पैसे अजून यायचेत).
पाथरवट बसाप्पा म्हणायचा,
मला दोन्ही येत्यात, सांगा तर खरं.
कुणी सांगितलं नाही.
हात रिकामा बसेना म्हणून त्यानं
दगडावर एक आडवी रेघ तेवढी मारून ठेवली.
तिला अक्षरं लोंबणार होती
की तिच्यावर बसणार होती,
तिलाही माहीत नव्हतं.

अकरा वर्षांनी बसाप्पाच्या पोरानं
टाइल्सच्या दुकानासाठी आवार मोकळं केलं.
मामानं दगड घेतला
एका मत्तीच्या दाराच्या बदल्यात.

तीन खांबांवर ठेवला, विटांच्या,
मध्ये ट्रॅक्टरच्या ट्यूबचे तुकडे.
मी विचारलं, चार का नाहीत?
"तीन पाय असले की बसतं.
चौथा आला की भांडण लागतं."
मग पाणसळीतला बुडबुडा मध्यावर येईपर्यंत
दुपार गेली, जेवण गेलं.

तेव्हापासून सगळं ह्याच्यावर.
रंध्याचा तळ घासायचा तर
दगडावर पॉलिश पेपर पसरायचा,
तळावर पेन्सिलच्या रेघा मारायच्या,
आणि त्या शेवटच्या टोकापर्यंत पुसल्या जाईतो
पुढं मागं, पुढं मागं.
घाई केलीस तर कडा खाल्ल्या जातात,
आणि मग तो रंधा जन्मभर कडाच खातो.

चौकट जोडली की आणून ठेवायची.
चार कोपऱ्यांवर बोटानं टिचकी.
तीन कोपरे टक् म्हणतात.
चौथा टटक् म्हणाला की पीळ आहे.
मामा निपाणी विडीचा कागद सोडवून
त्या कोपऱ्याखाली सरकवतो.
गेला, तर चौकट सोड, परत जोड.
सागवान असो, शिसम असो,
लाकूड श्रावणात एक बोलतं, माघात एक.
त्याला बोल लावू नये,
जिवंत होतं ते कधीतरी.
म्हणून घरात एक तरी न बदलणारा पाहिजे,
असं मामा म्हणतो, आणि मामी आतून हसते.

मी पहिल्याच आठवड्यात ह्याच्यावर खिळा ठोकला होता.
टवका उडाला, तांदळाएवढा.
मामा काही बोलला नाही.
अजून रोज फडकं मारताना
माझं बोट तिथं थांबतं.

परवा वाचनालयवाली माणसं आली.
आता ते राइस मिलच्या वरच्या खोलीत चालतं,
कपाटं हवीत म्हणाली, काच नको, जाळी चालेल.
देमाण्णा मास्तर सगळ्यात म्हातारे,
त्या खुर्चीच्या भांडणात होते, कुठल्या बाजूला ते विसरले.
बोलता बोलता हात दगडावर टेकला,
गार वाटला असेल, तसाच राहिला.
मग तळवा सरकत सरकत रेघेपाशी आला.

"मष्णू, ही रेघ कशाची रे?"

मामानं कानावरची पेन्सिल काढली,
फळीची कड रेघेला लावून एक डोळा मिटला.

"मापाची."

मास्तरांनी मान हलवली.
कपाटाची उंची सहा फूट ठरली,
खण पाच,
आणि आगाऊ म्हणून
पाचशेच्या दोन नोटा
त्यांनी दगडावर ठेवल्या,
वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर
गुण्या.