ओळीवर बोट

आमच्याकडे हात धुतल्याशिवाय पोथीला शिवत नाहीत.
दाराशी टांगलेली पितळी झारी, तिची तोटी वर ढकलली
की येनिसेईच्या पोटातलं पाणी पडतं
बोटं बधिर होईस्तोवर.
मग तागाचं कोरं फडकं. मग मेणबत्ती.
मग कातडी बांधणीची कडी, तीही हळू.
पर्फिली गेल्यापासून या घरात
करकरणारी ती एकच वस्तू.

उपासाच्या सात आठवड्यांत रोज एक पान, असा नेम.
जुनी अक्षरं, पणजोबांनी तैगात पळताना
पिठाच्या पोत्यात लपवून आणलेली.
त्यांत देवाचे शब्द आखूड लिहितात,
मधली अक्षरं गाळतात, वर छोटंसं छप्पर घालतात.
गाळलेलं वाचणाऱ्यानं भरायचं.

चौथ्या आठवड्यात अडले.
शब्द अवघड नव्हता, लहानपणी घोकलेला.
तरी जीभ उचलेना.
मेणाचा थेंब समासात पडला, गोठला.
उद्या वाचू, म्हटलं.
उद्याही तेच.

इतकी वर्षं मी ओळीवर बोट ठेवून वाचत आले.
त्या रात्री ओळीनं माझ्यावर बोट ठेवलं.

जाळं.
तीन वर्षांपूर्वी, बर्फ फुटताना, अकिलिनाचं जाळं
वाहत आमच्या काठाला लागलं.
भूर्जाच्या सालीचे तिचे तरंगे मी कापले, माझे बांधले,
कुंपणावर वाळत घातलं,
आणि कुणी विचारलं तर म्हटलं, नदीनं दिलं.
मधलं गाळलं. वर छप्पर घातलं.

त्या हिवाळ्यात अकिलिनाच्या चुलीवर
नुसतं सलगमाचं पाणी उकळायचं.
वास माझ्या अंगणापर्यंत यायचा.
मी खिडकी लावून पोथी वाचायचे,
हात स्वच्छ धुऊन.
आता पोथीच हात धुऊन माझ्या मागे लागली.

सकाळी घसरगाडीवर जाळं टाकलं नि निघाले.
काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं,
पोथीतल्यासारखं, जड.
अकिलिनानं दार उघडलं. माझ्याकडे नाही, जाळ्याकडे पाहिलं.
एक गाठ अंगठ्यानं चाचपली.
"डावऱ्या हाताची आहे," म्हणाली. "गावात डावरी मी एकटीच.
पहिल्याच उन्हाळ्यात ओळखलं होतं."
मी जुळवलेलं सगळं उंबऱ्याबाहेरच राहिलं.
"वरची दोरी कुजलीय," ती म्हणाली. "धर इकडून."

माफ केलं की नाही, तिनं सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
दिवे लागेपर्यंत दोरी ओवत बसलो.
निघताना तिनं मला मूठभर सुकी बोरं दिली,
ती घ्यायला सगळ्यात जड गेलं.

घरी येऊन थेट पोथी उघडली.
अडलेली ओळ काही न बोलता वाट देऊन बाजूला झाली.
मी पुढे सरकले, आणि पुढच्याच ओळीत
दीर सव्वाती उभा,
ज्याला पर्फिलीच्या मातीला मी बोलावलं नव्हतं.
थांबले.
बोटांना डांबराचा वास येत होता.
हात धुवायचे राहिले होते.

पानावर काळा ठसा उमटलाय.
पुसला नाही. उद्या तिथूनच वाचायचंय.