लोडिंग पस्तीस टक्के

वाघबीळला एका बिल्डरच्या ऑफिसात
मी जाहिरातींचं मराठी करते.
शेजारच्या फोडणीने आपल्याला शिंक येत असेल
तर 'आपुलकीचा शेजार'.
खिडकीतून नाला दिसत असेल तर 'जलसान्निध्य'.
काहीच दिसत नसेल तर 'एकांतप्रियांसाठी'.
डोंगर सगळ्यांनाच देतो आम्ही,
येऊर काही कोणाच्या बापाचा नाही.

अकरा वर्षं झाली या धंद्यात.
भाषा चपलेला चिकटून घरात येते,
पायपुसण्यावर कितीही घासा.

नवऱ्याचे केस मागे सरले तेव्हा
सुरुवात धाकट्या ओवीने केली:
'बाबांना ओपन टेरेस मिळाली.'
मग कुणी थांबेना.
सासूबाईंचे गुडघे अंडर कन्स्ट्रक्शन,
ताबा डिसेंबरात; कुठल्या, ते विचारायचं नाही.
आमटी पातळ झाली की लेक व्ह्यू,
तिच्यात शेवग्याची एकच शेंग असेल तर
स्वतंत्र बंगला.
दिघ्याचा भाचा एकीबरोबर राहतो, लग्नाचं बोलत नाही:
दोघांनी ताबा घेतलाय, ओसी बाकी.
आणि वरच्या मजल्यावरचे कारखानीसकाका
'सहज डोकावलो' म्हणत आले
की मुली एकमेकींना खुणावतात: लोडिंग पस्तीस टक्के.
म्हणजे एकशे पस्तीस शब्द ऐकायचे,
त्यातल्या शंभरावरच काय तो पाय ठेवता येतो.

'पाच मिनिटांत पोचते' असं तर
आमच्याकडे कुणी बोलूच शकत नाही.
लगेच प्रश्न येतो,
घड्याळाची, की स्टेशनपासूनची?

फेब्रुवारीत शर्वरीला स्थळ आलं.
मुलगा पाचपाखाडीचा. 'प्राइम लोकेशन,' ओवी म्हणाली.
इस्त्रीचा शर्ट, बरा पगार, मोजूनमापून हसू.
मला सॅम्पल फ्लॅट आठवला.
तिथला पलंग सुताराकडून मुद्दाम आखूड करून घेतात,
आणि आतल्या खोल्यांना दारं लावत नाहीत,
दार मिटलं की खोली केवढी ते कळतं.
म्हणून मी सारखी बघत होते,
या मुलाला दारं आहेत का.

दोघं उपवनला चक्कर मारून आली.
शर्वरी चप्पल न काढताच स्वयंपाकघरात.
'मी विचारलं त्याला, कार्पेट किती?'
'अगं!'
'त्याला कळलं गं, आई.
थोडा वेळ तलावाकडे बघत बसला.
मग म्हणाला, फार नाही.
त्यातही एक खोली आईच्या आजारपणाने भरलेली आहे,
ती इतक्यात रिकामी व्हावी असं मला वाटत नाही.
आणि ओल आहे एका भिंतीला.
रंग देऊन झाला दोनदा. येते परत.'

मी गॅस बारीक केला.
अकरा वर्षांत ओल हा शब्द
मी एकदाही छापायला दिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नवं काम टाकलं:
कोलशेतचा टॉवर, खेटून ट्रान्सफॉर्मर.
मी लिहिलं, 'ऊर्जेने भारलेला परिसर'.
साहेब खूश. हात बसलेला असतो.

परवा रात्री साडेनऊला शर्वरीचा फोन आला.
मागे कुणीतरी हसत होतं,
एक बाई खोकत होती,
कुकरची शिट्टी.
'निघालेच, आई. पाच मिनिटांत पोचते.'

कुठली, ते मी विचारलं नाही.
ताटावर ताट झाकून ठेवलं.