पान एकसष्ट

लेगॉनच्या फाटकाबाहेर, निंबाच्या सावलीत
माझं बाइंडिंगचं दुकान.
काळा पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, चार प्रती, दोन दिवस.
स्वल्पविरामांचे पैसे वेगळे.

पाटीवर तसं लिहिलेलं नाही,
पण पोरं विचारतात, "मिस्टर आग्बेको, जरा नजर टाकाल?"
आणि मी चष्मा पुसतो.
हरमाटनची धूळ पुसली तरी काचेवर उरतेच,
ठिपक्या-ठिपक्यांनी,
वाक्य संपलं नसताना पडलेल्या पूर्णविरामांसारखी.

सदतीस वर्षं झाली.
पदवी मला मिळाली नाही, पण पदव्या शिवल्या हजारांनी
आणि शिवता शिवता वाचल्या.
डॉक्टर व्हायला निघालेला माणूस
वाक्याच्या उंबऱ्यावर उभा राहतो आणि आत यायचं विसरतो.
"तथापि" म्हणतो. स्वल्पविराम. खाकरतो.
"उपरोक्त बाब लक्षात घेता असे दिसून येते की,"
आणि काय दिसतं ते पुढच्या पानावर.
अर्धविराम कुठे द्यायचा ते कुणालाच पक्कं ठाऊक नाही,
म्हणून तो सगळीकडे, सांडलेल्या मिरपुडीसारखा.

कोकोच्या किडीवर लिहिणाऱ्या एकाने
पान बारावर अवतरणचिन्ह उघडलं
आणि मिटलंच नाही.
पुढची एकशे चाळीस पानं दुसराच कुणीतरी बोलत होता.
(मी मिटलं. त्याला सांगितलं नाही.)

मग झिफा आली.
व्होल्टाकाठची, आमच्याच बोलीची,
पायात एकाच बाजूने झिजलेल्या चपला.
तिचं लिहिणं नीटस. माझी पेन्सिल साठ पानं
कानामागेच राहिली.

पान एकसष्ट:
"सदर धरणासाठी या गावातील पंचाहत्तर कुटुंबे हलविण्यात आली."

एकही चूक नाही.
वाक्य स्वच्छ, घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखं:
कोण जेवलं, काही कळू नये.

त्या पंचाहत्तरांत आमचं एक.
मी पाच वर्षांचा. लॉरीच्या मागे,
कोंबड्यांच्या टोपलीवर बसवलेला.
(बसवलेला. बघा, मीही तेच करतो.)
वडिलांनी दाराची चौकट उखडून सोबत घेतली होती.
नव्या वस्तीतल्या सिमेंटच्या खोलीला ती बसेना.
भिंतीला टेकून राहिली, वाळवी लागेपर्यंत,
आणि आम्ही तिला वळसा घालून जेवायला बसायचो.

मी समासात लिहिलं: कोणी?

ती संध्याकाळी आली. चिडली नाही, दमलेली होती.
"सर म्हणतात, शास्त्रीय लेखनात असंच लिहायचं.
कर्ता आणला की आरोप होतो."
"बरोबर आहे त्यांचं," मी म्हटलं. सही त्यांची लागते.
मग तिनेच विचारलं,
"तुम्हाला माहीत आहे का? कोणी?"

मला लॉरीच्या ड्रायव्हरचं नाव आठवलं. क्वाकू.
वाटेत त्याने मला एक संत्रं सोलून दिलं होतं.
बाकी कुणाचंच नाव
मला कधी कुणी सांगितलं नाही,
आणि सही करणाऱ्यांचे हात आमच्या गावात आले नव्हते.

फोटोकॉपीचं यंत्र घरघरत राहिलं.
"वाक्य राहू दे तसंच," ती म्हणाली.
"पेन्सिल तेवढी खोडा. उद्या बाराची मुदत आहे."

रात्री सरस गरम केला,
पानं टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या,
खोडरबर हातात घेतलं, आणि वीज गेली.
टॉर्च होता दुकानात. खोटं कशाला बोलू.

सकाळी चार प्रती दिल्या. सोनेरी अक्षरं अजून ओलसर,
तिचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.
तीन तिने पिशवीत भरल्या, चौथी छातीशी धरली.
ग्रंथालयाची.

तिच्यातलं खोडायचं
राहून गेलं.