बझेट

पहिल्या वर्षी वाटलं, अख्ख्या फुटपाथवर
कुणीतरी खडूनं 'बजेट' लिहून ठेवलंय.
म्हटलं, हिशेबी लोक,
राजाच्या वाढदिवसालाही आधी अंदाजपत्रक मांडत असतील.
ऑफिसात सांगितलं तर रूलॉफ डोळ्यांत पाणी येईतो हसला.
अरे, बझेट. म्हणजे घेतलेली जागा. व्यापलेली.
उद्या तिथं कुणी घरातलं जुनं सामान विकायला बसेल.
विमानातल्या संडासाच्या दारावर वाचलं नाहीस कधी?

वाचलं होतं. बाहेर ताटकळत.

हे चौथं वर्ष.
सव्वीस एप्रिलच्या संध्याकाळी मीही खाली उतरलो,
वरच्या मजल्यावरच्या एलिफकडून निळा खडू उसना घेऊन.
सायकलींच्या रांगेपासून दिव्याच्या खांबापर्यंत
दीड मीटर बाय दोन.
गुडघे टेकून रेघ ओढताना उगाच मागे पाहिलं.
कुणी हटकलं तर पाकिटात कार्ड होतं,
पुढच्या नोव्हेंबरपर्यंत मी इथं आहे असं म्हणणारं.
कुणी हटकलं नाही.
एक कुत्रं आलं, हुंगून पाहिलं,
आणि माझ्या हद्दीबाहेर जाऊन पाय वर केला.

मग चौकोनात मोठ्या अक्षरांत लिहिलं.
या देशात अर्जाबाहेर
मी हातानं लिहिलेला पहिला शब्द.

सकाळी गारा. मग ऊन. परत गारा.
गाव सगळं केशरी: टोप्या, बोटी, कुत्र्यांचे पट्टे,
केकवरचा थर, तो खाल्लेल्या पोरांच्या मिशा.
केशरी म्हटलं तर आईच्या डोळ्यांपुढे भलतंच काही येईल,
म्हणून फोनवर म्हणालो, संत्र्याच्या सालीसारखा, आई.

मी मांडले दोन टाय, टवका उडालेला राइस कुकर,
'डच शिका', भाग पहिला,
पहिली बारा पानं मळलेली, पुढची कोरी करकरीत.
हे सगळं ज्यातून खाली आणलं ती लाल सूटकेस
चाक मोडकं, म्हणून भिंतीला टेकवली होती.
येणारा जाणारा तिचाच भाव विचारी.
ती विकायची नाही, मी सांगत राहिलो,
टायांकडे कुणी ढुंकून बघेना.

शेजारी एलिफ बासरीवर तेच तीन सूर घोटत होती.
पुढ्यात दोन डबे:
वाजवायचे वीस सेंट, थांबायचे पन्नास.
दुसरा डबा लवकर भरला.

दुपारी तळमजल्यावरची खेर्चे आली,
अठ्ठ्याऐंशी वर्षांची, चाकांचा आधार ढकलत,
टोपीत एक पीस.
माझ्या शब्दापाशी थांबली. बराच वेळ.
म्हणाली, मी सहा वर्षांची होते तेव्हा
हा शब्द सगळ्या देशावर होता.
खडूनं नव्हता लिहिलेला.
आणि पुढे, जणू बाजारहाटीचंच काही सांगावं तसं,
चार मेला, रात्री आठ वाजता, चर्चसमोर
दोन मिनिटं गप्प उभे राहतो.

'आपण' की 'आम्ही'?
त्यांच्या भाषेत दोन्हींना एकच शब्द आहे.
आत घेणारा कुठला, दाराशी ठेवणारा कुठला,
भाग पहिल्यात दिलेलं नाही.
पुढचा मी वाचलेला नाही.
तिला विचारावं म्हणून वाक्य जुळवू लागलो,
क्रियापद शेवटी, मग कर्ता कुठं,
तेवढ्यात गारा आल्या.

खेर्चेनं रेघ ओलांडली,
माझी सूटकेस आडवी केली आणि तिच्यावर बसली.
मी छत्री धरली. अर्धा भिजलो.
खडूचं निळं पाणी
तिच्या बुटांखालून गटाराकडे निघालं,
आधी एक बाजू गेली, मग अक्षरं.

एक उंच माणूस, कोटातून पाणी गाळत, थांबला.
सूटकेसचे किती?

मी तोंड उघडायच्या आत
खेर्चे खालूनच म्हणाली:
बझेट.