ऐनवेळचे विषय

अस्थी-मणका उपचारक संघटना, उदगीर.
त्रैमासिक बैठक, मोंढ्यामागच्या आडत्यांच्या हॉलात,
कारण भाडं माफ. हॉलचे मालक माझे पेशंट,
मानेचे, पाचव्या-सहाव्या मणक्यातले.

हजर अठरा. गैरहजर चार:
तिघं लग्नात,
आणि डॉ. रेवणसिद्ध उजनकर,
ज्यांच्यासाठी विषय क्रमांक एक.

मी सचिव. माझं काम लिहिण्याचं.
वर्गणी कुणी थकवली,
बोर्डावर 'हमखास' हा शब्द कुणी रंगवला
आणि पुसायला नकार दिला,
देवणीत नवं मशीन कुणी घेतलं, हप्ता किती,
गायसमुद्रे मॅडमच्या मुलीला बारावीत किती पडले,
सगळं वहीत आहे, निळ्या शाईत.
भांडणं पेन्सिलीत.

विषय एक. सगळे उभे राहिले.
आता खरं लिहायचं तर
उभं राहताना जो आवाज झाला
तो आजवरच्या कुठल्याच बैठकीत मी ऐकला नव्हता.
गुडघे, कंबरा, खुर्चीच्या पाठीवर टेकलेले तळवे,
कुणाचं तरी दातांत दाबलेलं 'आई गं'.
दिवसभर दुसऱ्यांच्या पाठी सरळ करणारी माणसं
वाळल्या तुरीच्या शेंगांसारखी वाजली.

दोन मिनिटं झाली. अध्यक्ष बसले नाहीत.
अध्यक्षांच्या आधी बसायचं कसं?
तीन. चार.
खाली मापाडी पोती मोजत होता,
लाभ, दोन, तीन, त्याच्या नेहमीच्या सुरात.
मला वाटलं, बिरादार सरांचा फार जीव होता उजनकरांवर.
मन्मथ कल्याणेंना वाटलं, सर आता काही बोलतील.
पाचव्या मिनिटाला कल्याणेंचे डोळे भरून आले.
सहाव्याला शाहीन देशमुख पुढे झाल्या,
सरांच्या उजव्या पावलाकडे बघत हळूच म्हणाल्या,
"सर, उसण भरली काय?"
सर मान न हलवता बोलले,
"कवाची. कुणी बगंनाच की."

सतरंजी अंथरली.
शाहीन मॅडमनी सरांचा गुडघा छातीकडे नेला,
आणि सर छताकडे बघत म्हणाले,
"उजनकर असता तर बसायच्या आधीच ओळखलं असतं.
बैठक सुटली की जिन्यात गाठायचा मला.
मानेवर हात ठेवून विचारायचा, कितव्या दिवसाचं हे?
फी म्हणून एक पान, बिनसुपारीचं."

"जिन्यात?" गायसमुद्रे मॅडम म्हणाल्या. "मला तर पार्किंगात."
कल्याणेंना बसस्टँडवर.
मला, खरं तर, याच हॉलात, वही आवरताना.
ज्याला त्याला वाटत होतं, हे आपल्या एकट्याचं गुपित.
पेशंटला कळलं तर काय म्हणेल,
म्हणून कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

मग दुसरी सतरंजी आली, आडत्यांच्या गादीखालची,
हरभऱ्याचा वास असलेली.
बोर्डाच्या भानगडीपासून न बोलणारे कल्याणे
पालथे पडले सोनकांबळेंच्या हाताखाली,
तक्रारअर्ज ज्यांनी दिला होता त्यांच्याच.
"आराम पडेल ना?"
सोनकांबळेंनी अंगठा रोवला. "हमखास."
अख्खा हॉल हसला,
सर सोडून; त्यांना हसायला बंदी होती.

वहीत मी असं लिहिलं:
शोकप्रस्ताव मंजूर. मौन दोन मिनिटे. (झाली सात.)
ऐनवेळचे विषय: अध्यक्षांच्या परवानगीने
सदस्यांच्या प्रकृतीबाबत सविस्तर विचारविनिमय झाला.
वर्गणीचा विषय पुढे ढकलला.
चहा एकोणीस. पोऱ्याने सवयीने
एक बिनसाखरेचा आणला होता.
तो खिडकीत निवत राहिला. पैसे दिले.
पुढच्या वेळी सतरंजी जाड आणावी.

माझा उजवा खांदा, लिहिणारा,
दिवाळीपासून वर जात नाही.
त्या गडबडीत कुणी विचारलं नाही,
मीही बोललो नाही.
एवढं पेन्सिलीत.